मागे सरकणारं खोकं

कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या दोन बाई होत्या, म्हणून यांना सगळे धाकट्या बाई म्हणायचे. थोरल्या बाई निवृत्त होऊन गेल्या, यांचे कानाजवळचे केस पिकायला लागले, तरी ते 'धाकट्या' काही सुटलं नाही. बाईंची त्याला हरकत नव्हती. त्यांची हरकत असायची ती चुकीच्या गोष्टींना, आणि तिथे त्या कुणाची भीडभाड ठेवत नसत. पोरांनी आकृतीत बाणाला टोक काढलं नाही तर म्हणायच्या, "हा बाण आहे की काडी? बल कुठल्या दिशेला लागतंय ते मी काय स्वप्नात बघू?" पोरं हसायची, पण बाणाला टोक काढायला शिकायची.

त्या वर्षी परीक्षा मंडळाचे पेपर तपासायला बाईंची नेमणूक झाली. तपासणी एका शाळेच्या व्यायामशाळेत होती. भिंतीला चढायच्या शिड्या, कोपऱ्यात रचलेल्या गाद्या, त्यांचा तो कुबट रबरी वास, आणि मधोमध ओळीने मांडलेले बाक. कागद उडतात म्हणून पंखे बंद. प्रत्येक बाकावर एक परीक्षक, एक गठ्ठा, एक लाल पेन आणि छापील उत्तरसूची. सगळ्यांच्या वर, स्टेजवर टेबल टाकून बसलेले मुख्य नियामक.

नियामकांना सगळे मोठे सर म्हणत. बाई कॉलेजात शिकत होत्या तेव्हा याच सरांकडून सदिश शिकल्या होत्या. सरांचा हात फळ्यावर असा चालायचा की बघत राहावं. एक तिरपं बल घ्यायचे, त्याचे आडवा आणि उभा असे दोन घटक पाडायचे, आणि गुंता झालेला दोरा सुटावा तसं ते गणित सुटायचं. बाई फिजिक्सकडे वळल्या त्या सरांमुळेच. त्यामुळे पहिल्या सकाळी त्यांनी आधी स्टेजवर जाऊन सरांना नमस्कार केला, सर म्हणाले, "अरे वा, तू आहेस होय! मग काळजी नाही," आणि बाई खुशीत येऊन बाकावर बसल्या.

ती खुशी चहा येईपर्यंतसुद्धा टिकली नाही.

पाचवा प्रश्न साधाच होता. जमिनीवर दहा किलोचं एक खोकं स्थिर ठेवलंय. त्याला दोरी बांधून चाळीस न्यूटन बलाने ओढलं; दोरी जमिनीशी तीस अंशांचा कोन करते. घर्षण गुणांक अर्धा. तर खोक्याचं त्वरण काढा. बाईंनी सवयीने समासात गणित करून टाकलं. दोरीचा आडवा घटक साधारण साडेचौतीस न्यूटन. उभा घटक वीस, तो खोक्याला थोडं वर उचलतो, म्हणून जमिनीवरचा दाब शंभराऐवजी ऐंशी. घर्षणाची मर्यादा त्याच्या निम्मी, चाळीस. ओढ साडेचौतीस आणि घर्षण चाळीसपर्यंत पुरून उरणार. म्हणजे खोकं जागचं हलणार नाही. त्वरण शून्य. छान फसवा प्रश्न काढलाय, असं बाईंना वाटलं.

मग त्यांनी सूचीत पाहिलं. तिथे लिहिलं होतं: उणे ०.५४.

बाईंना आधी हसू आलं. साडेचौतीसातून चाळीस वजा करून, दहाने भागून मोकळे झाले होते! म्हणजे तुम्ही दोरी धरून खोकं आपल्याकडे ओढताय, आणि खोकं काय करतं, तर उलट्या दिशेने चालू लागतं, तुम्हालाच ओढत घेऊन जातं. छपाईची चूक असणार म्हणून त्या सूची घेऊन स्टेजवर गेल्या.

"सर, इथे शून्य हवं ना? उणे छापलंय."

मोठ्या सरांनी चष्मा वर केला, सूचीकडे पाहिलं आणि चष्मा परत खाली घेतला. "बरोबर आहे ते. उणे म्हणजे मंदन."

"पण सर, प्रश्नातच म्हटलंय की खोकं स्थिर आहे. स्थिर असलेल्या वस्तूला मंदन कसलं? जी चाललीच नाही तिचा वेग कमी कसा होणार?"

"सूत्राप्रमाणे येतं तेवढं."

"सूत्र मर्यादेचं आहे, सर. घर्षण काय स्वतःहून ढकलत सुटतं का? जेवढी ओढ तेवढाच त्याचा विरोध. तुम्हीच शिकवलंय आम्हाला."

सरांनी आजूबाजूला पाहिलं. आणि मघाचं 'तू' एकदम 'बाई' झालं. "बाई, ही सूची मंडळाकडे जाऊन मंजूर होऊन आलीय. सगळीकडे हीच वापरतायत. आता बदलता येत नाही. तुम्ही सूचीप्रमाणे तपासा."

बाई परत आल्या खऱ्या, पण पेन उघडवेना. शेजारच्या बाकावर दुसऱ्या कॉलेजचे एक सर होते. कुणी काहीही म्हटलं की ते "हो हो" म्हणायचे, म्हणून त्यांचं नावच हो-हो सर पडलं होतं. बाईंनी त्यांना गणित दाखवलं. ते म्हणाले, "हो हो, शून्यच येतं."

"मग तुम्ही काय देताय?"

"सूचीप्रमाणे. आपलं काय जातंय, बाई? संध्याकाळी गठ्ठा संपला म्हणजे झालं."

"पोरांचं जातंय ना!"

"हो हो, तेही आहे," म्हणत त्यांनी एका उत्तरपत्रिकेत शून्य लिहिणाऱ्या पोराला शून्य दिलं आणि पान उलटलं.

बाईंनी ठरवलं, ज्याने 'हलणार नाही' लिहिलंय त्याला आपण पूर्ण गुण द्यायचे, मग जे होईल ते होईल. तसे त्यांनी दिलेही. दुपारी मात्र त्यांच्या हातात एक उत्तरपत्रिका आली आणि त्या थबकल्या.

आकृती इतकी नेटकी होती की फळ्यावर काढावी. खोकं, दोरी, कोन, चार बलांचे चार बाण, प्रत्येकाला टोक. खाली घटक पाडलेले. ऐंशी, मग चाळीस. आणि मग स्वच्छ अक्षरात: 'ओढ मर्यादेपेक्षा कमी आहे, म्हणून खोकं हलणार नाही. त्वरण शून्य.' खाली रेघ. आणि त्या सगळ्यावर दोन तिरप्या रेघा मारून ते खोडलेलं. त्याच्याखाली, घाईने, बारीक अक्षरात, 'उणे ०.५४'. आणि कंसात एकच शब्द: गाइडप्रमाणे.

मुलगा होता की मुलगी, कळायला मार्ग नव्हता. वर नुसता चिकटवलेला नंबर. पण बाईंना ते पोर परीक्षेच्या हॉलमध्ये बसलेलं दिसायला लागलं. स्वतःच्या डोक्याने खरं उत्तर काढलंय, खाली रेघ मारलीय, आणि मग पाठ केलेलं पान आठवलंय. पुस्तकात छापलंय म्हणजे आपलंच चुकलं असणार, असं म्हणून त्याने आपल्याच हाताने खरं खोडलं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुकीचं लिहिणाऱ्या पोरांचा त्यांना कधी एवढा राग आला नव्हता. चुकायलाच येतात पोरं शाळेत. पण बरोबर लिहिलेलं खोडायला कुणी शिकवलं याला?

"तुमच्याकडे गाइड आहे का हो?" त्यांनी हो-हो सरांना विचारलं.

"हो हो," म्हणून त्यांनी पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढलं. पोरं हेच वापरतात, मास्तरही हेच वापरतात. बाईंनी घर्षणाचं प्रकरण काढलं. सोडवलेलं उदाहरण. तेच खोकं, तीच दोरी, तोच कोन. आकडेसुद्धा बदलायचे कष्ट घेतले नव्हते. उत्तर: उणे ०.५४. बाईंनी पुस्तक मिटलं आणि मुखपृष्ठ पाहिलं. तिथे ठळक अक्षरात मोठ्या सरांचं नाव होतं.

त्या दिवशी बाई घरी आल्या त्या दार आपटूनच. घरी नवरा होता, पण तो भांडणापासून चार हात लांब राहणारा माणूस. बायकोचा चेहरा पाहिला आणि भाजी चिरायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेला. सासूबाई मात्र टीव्ही बंद करून सरसावून बसल्या. त्यांनी सारी नोकरी टेलिफोन ऑपरेटर म्हणून केली होती. लोकांची भांडणं कानावर पडून पडून त्यांना भांडणाची चांगलीच पारख आली होती.

"काय झालं गं?"

बाईंनी सगळं सांगितलं. सासूबाईंना न्यूटन-बिटन काही ठाऊक नव्हतं, पण खोक्याचं लगेच कळलं.

"म्हणजे मी ही खुर्ची माझ्याकडे ओढली, तर ती पलीकडे पळून जाईल, असं म्हणतोय तो?"

"हो, आई."

"आणि असं म्हणणाऱ्याला पास?"

"पास. आणि खुर्ची हलली नाही म्हणणारा नापास."

"आणि तू सर सर करत गप्प परत आलीस?"

"गप्प नाही आले. गुण दिलेत मी त्यांना."

"ते उद्या बदलतील की. तो बसलाय ना वर." सासूबाईंनी मांडी बदलली. "हे बघ, माणसाला एकट्यात नाही म्हणणं फार सोपं जातं. चारचौघांत म्हणायला लाव त्याला."

स्वयंपाकघरातून नवऱ्याचा आवाज आला, "आई, तिला आणखी चढवू नकोस."

"तू भाजी चीर," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाई कॉलेजच्या प्रयोगशाळेतून एक दोरी आणि ओढ मोजायचा स्प्रिंगचा एक तानकाटा घेऊन गेल्या. व्यायामशाळेत गेल्यावर पाहिलं तर सासूबाईंचं खरंच झालं होतं. बाईंनी काल दिलेले सगळे गुण हिरव्या पेनने खोडून तिथे शून्य घातलं होतं आणि पुढे मोठ्या सरांची सही होती. त्या नेटक्या आकृतीच्या पोराला मात्र पूर्ण गुण मिळाले होते, खोडून खाली लिहिलेल्या खोट्या उत्तराबद्दल.

बाईंनी तपासलेल्या पेपरांनी भरलेलं एक लाकडी खोकं ओढून बाकांच्या मधल्या वाटेत आणलं, दोरी बांधली, दोरीला तानकाटा अडकवला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांनी जरा पेनं खाली ठेवा. पाचव्या प्रश्नाचं उत्तर काढू या."

लाल पेनं खाली गेली. स्टेजवरून मोठे सर उभे राहिले. "बाई, हे काय चाललंय?"

"प्रयोग, सर." बाईंनी दोरी तिरपी धरून हलकेच ओढली. "हो-हो... माफ करा, सर, तुम्ही काटा वाचा."

हो-हो सर बिचकत उठले आणि त्यांनी काटा वाचला. बाईंनी आणखी ओढलं, त्यांनी आणखी मोठा आकडा वाचला. खोकं जिथल्या तिथे.

"हललं का?"

"नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

"माझ्याकडे आलं नाही. ठीक. पण मला घेऊन पलीकडे निघालं का? कुणाला दिसलं? नीट बघून सांगा, कारण आपण शेकडो पोरांना लिहून देतोय की ते निघतं. सूचीत उणे आहे. म्हणजे आत्ता हे खोकं मला फरफटत त्या भिंतीकडे न्यायला हवं. मी वाट बघतेय!"

हसण्याची एक लाट उठली आणि मोठ्या सरांकडे बघून तशीच विरली. सर स्टेजच्या पायऱ्या उतरून खाली आले होते. "हा पोरखेळ बंद करा. ही तपासणी आहे, तमाशा नाही."

"मग तुम्ही सांगा, सर. सगळ्यांसमोर सांगा की खोकं मागे जातं. तुम्ही तसं म्हणा, मी आत्ता सूचीप्रमाणे तपासायला बसते."

सरांनी खोक्याकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं. त्यांनी तेवढं मात्र म्हटलं नाही. ते म्हणाले, "बाई, सामान उचला आणि माझ्याबरोबर चला."

शेजारच्या खोलीत खेळाचं सामान होतं. हवा गेलेले चेंडू, तुटकी जाळी. सरांनी दार लोटून घेतलं आणि पुन्हा 'तू'वर आले.

"तुला काय वाटतं, मला कळत नाही?"

बाई बघतच राहिल्या.

"तू काल सूची पुढे धरलीस तेव्हाच कळलं. पेपर काढताना प्रश्न गाइडवरून घेतला, उत्तरही तिथूनच घेतलं. कधीकाळी घाईत लिहिलेलं असणार, कुणी बोट दाखवलं नाही, मीही पुन्हा पाहिलं नाही. आता मी उभा राहून सांगू? किती वर्षं पोरं ते पुस्तक वाचतायत. किती मास्तर त्यावरून शिकवतायत. त्या सगळ्यांना सांगू की मला घर्षण कळत नाही?"

"कळतं हेच तर सांगायचंय! चूक झाली म्हणून कुणी तुम्हाला फाशी देणार होतं का? मला वाटलं होतं तुमची नजर चुकली असेल. नजर चुकली असती तर मी आत्ता पाया पडून माफी मागितली असती. पण तुम्हाला माहीत होतं, आणि माहीत असून तुम्ही रात्रीतून त्या पोरांचे गुण खोडलेत. हिरव्या पेनने, सही करून!"

"आवाज खाली."

"का? बाहेरच्यांना खरं उत्तर ऐकू जाईल म्हणून?" बाईंनी आवाज आणखी चढवला. "एका पोराने बरोबर लिहून खोडलंय, सर. तुमच्या पुस्तकावर विश्वास ठेवून. ते पोर आता जन्मभर स्वतःच्या डोक्यावर विश्वास ठेवणार नाही. तुम्ही मला शिकवलंत तेव्हा मी काही विचारलं तर म्हणायचात, चल, करून बघू. ते सर कुठे गेले?"

सर एका चेंडूवर बोट दाबत राहिले. चेंडूत खळगा पडला आणि तसाच राहिला. मग ते म्हणाले, "उद्यापासून तपासणीला येऊ नका, बाई. मी तसं कळवतो."

बाई बाहेर आल्या. माना खाली घालून बसलेल्या परीक्षकांच्या ओळीतून जाऊन त्यांनी आपली पिशवी उचलली. हो-हो सरांनी तेवढं दोरी गुंडाळून हातात दिली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "आजपासून मी शून्यालाच मार्क देतोय." बाईंना त्यांचा राग यावा की बरं वाटावं, हेच कळेना. काल दिले असते तर!

त्यांनी मंडळाकडे रीतसर तक्रार केली, आकृतीसकट. उत्तर आलं नाही. मग त्या स्वतः गेल्या. सचिवांच्या खोलीबाहेर इतका वेळ बसून राहिल्या की शिपायाने दोनदा पाणी आणून दिलं. आत सचिवांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचा मुलगा बसलाय का परीक्षेला?"

"नाही."

"मुलगी?"

"मला मूलबाळ नाही."

"मग?" सचिव खरोखरच गोंधळले होते.

निकालाच्या आधी मंडळाचं पत्रक निघालं: पाचव्या प्रश्नाच्या रचनेत संदिग्धता आढळल्याने सर्व परीक्षार्थींना त्या प्रश्नाचे पूर्ण गुण देण्यात येत आहेत. कॉलेजातल्या सगळ्यांनी बाईंचं अभिनंदन केलं. प्राचार्यांनी हात मिळवला. नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला. बाईंनी ते पत्रक वाचलं आणि सरळ सचिवांना फोन लावला.

"संदिग्ध काय आहे ते मला सांगा. वस्तुमान दिलंय, कोन दिलाय, बल दिलंय, खोकं स्थिर आहे असं लिहिलंय. प्रश्नाची काहीही चूक नाही. चूक उत्तराची आहे. तसं लिहा ना!"

"बाई, सगळ्यांना मार्क मिळाले. आता तरी खूश व्हा."

"ज्याने बरोबर लिहिलं तो आणि ज्याने खोकं उलटं पळवलं तो, दोघं सारखेच?"

"मार्कांपुरते, हो." आणि फोन ठेवला गेला.

सासूबाई कान देऊन ऐकत होत्या. "जिंकलीस की हरलीस?" त्यांनी विचारलं.

"पोरांचे मार्क वाचले, आई. पण बरोबर असणाऱ्याला तू बरोबर होतास, हे कुणीच सांगितलं नाही."

नव्या वर्षी गाइडची नवी आवृत्ती आली. बाईंनी दुकानातच उभं राहून घर्षणाचं प्रकरण उघडलं. ते उदाहरण तिथे नव्हतं. त्याच्या जागी कप्पीचं एक गणित घातलं होतं, बिनचूक. प्रस्तावना दोनदा वाचली, शेवटचं पान पाहिलं. चूक झाली होती असं कुठे अक्षरानेही लिहिलेलं नव्हतं. दुकानदार म्हणाला, "घेताय का?" बाई म्हणाल्या, "नाही!" आणि ते इतक्या जोरात म्हणाल्या की शेजारचं गिऱ्हाईक दचकलं. तपासणीचं बोलावणं त्यांना त्यानंतर पुन्हा आलं नाही.

पहिल्या सत्रात घर्षण शिकवायची वेळ आली तेव्हा बाईंनी तोच प्रश्न फळ्यावर लिहिला. पोरांनी घटक पाडले, मर्यादा काढली. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"बाई, शून्य येतंय. पण माझ्या ताईचं गाइड आहे घरी, त्यात उणे दिलंय. मग परीक्षेत काय लिहायचं?"

बाईंनी खडू खाली ठेवला. मनात जे आलं ते सगळं बोलल्या असत्या तर तास संपला असता. ही मुलगी नुसती आकडा विचारत नव्हती. खरं बोललं तर चालेल ना, असं विचारत होती, आणि हे विचारायची पाळी तिच्यावर आणणाऱ्या सगळ्यांचा बाईंना पुन्हा एकदा मनापासून संताप आला.

"तुला काय वाटतं, खोकं हलेल?"

"नाही."

"नक्की?"

मुलीने स्वतःच्या वहीकडे परत एकदा पाहिलं. वर्ग तिच्याकडे बघत होता. "नक्की," ती म्हणाली.

"मग तेच लिही. आणि कुणी त्याबद्दल मार्क कापले तर मला येऊन सांग. मी कुठेही यायला तयार आहे."

"बाई, तुम्हाला परत काढून टाकलं तर?" मागून एक आवाज आला. म्हणजे पोरांना सगळं माहीत होतं.

"टाकू देत," बाई म्हणाल्या. "आता बाण पूर्ण करा. त्या कोपऱ्यातल्या तिघांच्या बाणांना अजून टोकं नाहीत."